झरमॅटला पहिल्यांदा स्कीइंगला जाताना

कळसूबाईच्या माथ्याची उंची १,६४६ मीटर. स्वित्झर्लंडमधल्या झरमॅट गावात आगगाडीतून बॅगा उतरवतो, ते फलाट साधारण १,६०० मीटरवर आहे. आपल्या राज्यातलं सर्वांत उंच शिखर जिथं संपतं, जवळपास तिथंच या गावाची सुरुवात होते. तिथून केबल कार ३,८८३ मीटरपर्यंत वर जाते.

उंचीचं आधीच सांगतोय, कारण आपल्याकडून जाणारा माणूस पहिल्याच सकाळी त्या वरच्या टोकाला निघतो. मीही निघालो होतो. दुपारी डोकं धरून खाली आलो आणि दुसऱ्या दिवशी पाच वर्षांच्या पोरांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. त्याच रांगेत आदल्या दिवशी उभा राहिलो असतो, तर एक अख्खा दिवस आणि बरेच फ्रँक वाचले असते. त्यानंतर आणखी दोनदा गेलो. एकदा बायको आणि मुलीला घेऊन, एकदा सत्तरीला टेकलेल्या काका-काकूंना घेऊन. स्कीइंगमध्ये मी आजही काठावर पास होणाराच आहे. पण नवख्याचं कुठं अडतं हे पट्टीच्या स्कीवाल्यापेक्षा काठावरच्यालाच जास्त आठवतं.

पायरी १: तारखा

हिमनदीमुळे झरमॅटला वर्षभर स्कीइंग चालतं, पण शिकणाऱ्यासाठी हंगाम डिसेंबर ते एप्रिल एवढाच धरा. नाताळ ते नववर्षाचा आठवडा टाळा. हॉटेलं महाग असतात आणि प्रत्येक लिफ्टखाली रांग असते. फेब्रुवारीत युरोपातल्या शाळांना आळीपाळीनं सुट्ट्या लागतात, तेव्हाही तीच गत. संक्रांत ते जानेवारीअखेर हा काळ निवांत असतो, थंडी मात्र कडक. मला स्वतःला मार्च आवडतो. होळीच्या सुमारास दिवस मोठा झालेला असतो, ऊन असतं आणि वरचा बर्फ अजून चांगला असतो. फक्त दुपारनंतर खालच्या उतारांवर त्याचा लगदा होतो, म्हणून सकाळी लवकर निघायचं.

चार दिवसांपेक्षा कमी वेळ असेल तर शिकायच्या भानगडीत पडू नका. पहिला दिवस पडण्यात जातो, दुसरा पाय दुखण्यात. मजा तिसऱ्या दिवशी दुपारी कधीतरी सुरू होते. दोनच दिवस असतील तर गॉर्नरग्राट या डोंगरावर जाणारी दात्यांची रेल्वे, बर्फातल्या पायवाटा आणि फोटो एवढ्यावर खूश राहा. त्यातही काही वाईट नाही.

आणि फक्त स्कीइंग येतं का ते बघायचं असेल, तर आधी गुलमर्ग किंवा औलीला आठवडाभर शिकून घ्या. खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. फ्रँकचा भाव आता शंभर रुपयांच्या पुढे गेलाय, हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

पायरी २: व्हिसा आणि विमा

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. त्यामुळे नेहमीचा शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटच्या महिन्यावर ढकलू नका.

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, तो एजंट काढून देतोच. खरी मेख पुढे आहे. साध्या प्रवास विम्यात स्कीइंगची दुखापत बऱ्याचदा वगळलेली असते. पॉलिसीच्या बारीक अक्षरात 'विंटर स्पोर्ट्स' शोधा आणि ते वगळलंय की समाविष्ट आहे ते नीट वाचा. डोंगरावरून हेलिकॉप्टरनं उतरवायचा खर्च त्यात धरलाय का, तेही बघा. ते बिल हजारो फ्रँकमध्ये येतं आणि जखमी माणसाच्या नावावरच येतं. पॉलिसीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, एक कागद जॅकेटच्या खिशातही असू द्या. थंडीत मोबाइलची बॅटरी बघता बघता झोपते.

पायरी ३: कपडे

जीन्स नको. सुती बनियनही नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि लिफ्टवर दहा मिनिटं बसलं की तोच घाम बर्फासारखा गार होतो. अंगालगत लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस, सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट-पँट, असे तीन थर. एकच जाडजूड कोट घातलात तर उन्हात उकडेल, सावलीत कुडकुडाल आणि काढायला मधला थरच नसेल. पुण्या-मुंबईतल्या डेकॅथलॉनमध्ये हे सगळं मिळतं, तिथं जाऊन घेण्यापेक्षा बरंच स्वस्त.

उंची दर हजार मीटरनं वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. गावात उणे पाच असेल तर केबल कारच्या टोकाला उणे वीसच्या आसपास असणार, वारा वेगळाच. म्हणून गावातली हवा बघून कपडे ठरवू नका.

गॉगल-चष्मा आणि सनस्क्रीन या चैनीच्या गोष्टी नाहीत. ताजा बर्फ अतिनील किरणं ऐंशी टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो, म्हणजे ऊन वरूनही येतं आणि खालूनही. एसपीएफ ५० हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा. मी लावलं नव्हतं. परत आल्यावर ऑफिसात आठवडाभर नाकाच्या टोकाचीच चौकशी होत होती.

पायरी ४: पोचायचं कसं

झुरिक विमानतळावरून गाडीनं व्हिस्प (स्थानिक लोक 'फिस्प' म्हणतात), तिथं बदलून झरमॅट. एकूण साडेतीन तासांच्या आसपास. बर्नहून पुढे गेलं की गाडी ३४.६ किलोमीटर लांबीच्या ल्योट्शबर्ग बोगद्यात शिरते. २००७ साली हा बोगदा झाला आणि प्रवास बराच तुटला. बोगद्याच्या या बाजूला करडं धुकं असेल तर दुसऱ्या बाजूला लख्ख ऊन असू शकतं. माझ्या तिन्ही खेपांना असंच झालं.

व्हिस्पला छोटी तांबडी गाडी मिळते. काही चढांवर ती रुळांमधल्या दात्यांवर चालते. साधारण तासाभरात ती नऊशे-साडेनऊशे मीटर चढते. उजवी की डावी बाजू याचा विचार करू नका, दरी दोन्हीकडून दिसते.

झरमॅटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या मोटारींना बंदी आहे. आपल्या माथेरानचं जसं दस्तुरी नाका, तसं इथं टेश गाव. मोटार तिथं ठेवायची आणि बारा मिनिटांच्या शटल गाडीनं वर यायचं. गावात बॅटरीवर चालणाऱ्या चौकोनी डब्यासारख्या छोट्या गाड्या फिरतात. त्यांचा आवाज येत नाही, म्हणून रस्त्याच्या मधोमध उभं राहून मॅटरहॉर्न शिखराचा फोटो काढू नका. हॉटेलला आधी कळवलं तर बऱ्याचदा त्यांचीच गाडी स्टेशनवर येते.

स्विस ट्रॅव्हल पास असेल तर झरमॅटपर्यंतचं तिकीट त्यातच येतं आणि गॉर्नरग्राटच्या गाडीचं अर्धं माफ होतं. स्की पासावर मात्र ही सूट गृहीत धरू नका.

हॉटेल निवडताना फोटोंपेक्षा नकाशा बघा. शिकाऊ उतार आहेत त्या सुनेगाला नेणाऱ्या भूमिगत फ्युनिक्युलरचं (दोरानं ओढली जाणारी रेल्वे) स्टेशन नदीपलीकडे आहे, मुख्य स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटं. शिकणाऱ्याला रोज तिथंच जायचंय. केबल कारचं स्टेशन गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, त्याच्याजवळचं हॉटेल तुमच्या फारसं कामाचं नाही.

पायरी ५: बूट

स्की, काठ्या, हेल्मेट, बूट सगळं भाड्यानं मिळतं. त्यातलं हेल्मेट आणि स्की दुकानदाराच्या भरवशावर सोडा. बूट सोडू नका. पहिल्या दिवशी रडणारे दहातले आठ लोक बुटापायी रडतात.

माझं काय झालं ते सांगतो. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळी पोचलो. मुलानं पाऊल सेंटिमीटरमध्ये मोजलं, कारण स्कीच्या बुटाचा नंबर सेंटिमीटरमध्येच असतो, आणि बूट चढवला. बोटं पुढे टेकत होती, नडगी दाबली जात होती. मी म्हटलं, घट्ट होतोय. त्यानं एक नंबर मोठा दिला. तो इतका आरामशीर, की जणू कोल्हापुरी घातली. खूश होऊन निघालो. दुसऱ्या दिवशी अकरा वाजेपर्यंत टाच आत वरखाली व्हायला लागली. म्हणून मी बकलं आवळली. आवळल्यावर पावलाला मुंग्या आल्या, म्हणून सैल केली. सैल केल्यावर स्की एकीकडे आणि मी दुसरीकडे. संध्याकाळी मोजे काढले तर दोन्ही नडग्या सोललेल्या आणि डाव्या अंगठ्याचं नख निळं. पुढच्या वेळी पहिला घट्ट बूटच घेतला आणि दिवसभर तो आठवलाही नाही.

तर बूट असा पारखा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत. गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की बोटं मागे सरकून मोकळी झाली पाहिजेत. पुढे झुकल्यावर टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. मोजा एकच, पातळसर, गुडघ्यापर्यंतचा. थंडीच्या भीतीनं दोन घातले तर पाय आणखी गार पडतात, कारण रक्त फिरायला जागा राहत नाही. थर्मलचा पाय बुटात खोचू नका. त्याची घडी नडगीवर आली की तासाभरात चाकूसारखी टोचते. बूट चढवल्यावर टाच जमिनीवर मागे दोनदा आपटा, नडगीवरची बकलं आधी लावा, पावलावरची नावाला.

दुकानात वजन, उंची, वय आणि किती येतं ते विचारतात. ही माहिती बाइंडिंगसाठी, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या खटक्यासाठी असते; पडल्यावर किती जोर आला की स्कीनं बूट सोडायचा ते यावर ठरतं. तिथं 'थोडंफार येतं' असं म्हणायची खुमखुमी दाबून टाका. चांगलं येणाऱ्याचं बाइंडिंग घट्ट लावतात. तुम्ही पडलात आणि स्की सुटली नाही की पिरगळतो तो गुडघा. वजनही खरं सांगा, बायको शेजारी उभी असली तरी.

शक्यतो सुनेगा स्टेशनाजवळच्या आणि सामान ठेवायला जागा देणाऱ्या दुकानातून भाड्यानं घ्या. स्की खांद्यावर टाकून, प्लास्टिकचे ते बूट घालून गावातून चालणं हा एक वेगळाच व्यायाम आहे. चालावंच लागलं तर टोकं पुढे ठेवा, आणि कुणी हाक मारली तर गर्रकन वळू नका. मागच्याच्या थोबाडीत बसते.

पायरी ६: पास

झरमॅटचा स्की पास सगळ्या डोंगरांचा मिळतो, इटलीच्या बाजूसकट मिळतो, आणि तिथं एकूण ३६० किलोमीटर उतार आहेत असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. नवख्याला त्यातले पहिले तीन दिवस दोनशे मीटर लागतात. त्यामुळे पूर्ण पास पहिल्या दिवसापासून काढू नका. तिकीट खिडकीवर 'नवशिका आहे, सुनेगालाच राहणार' असं सांगून तेवढ्यापुरतं तिकीट मागा. पूर्ण पासाचे दर तारखेप्रमाणे बदलतात आणि आधी ऑनलाइन घेतले तर बऱ्याचदा कमी पडतात. तो चौथ्या दिवसासाठी ठेवा.

पासाचं कार्ड जॅकेटच्या डाव्या खिशात एकटंच ठेवायचं. शेजारी मोबाइल किंवा दुसरं कार्ड असलं की दांडा उघडत नाही आणि मागे रांग खोळंबते. डाव्या खिशाचं लक्षात ठेवा, फाटकाचं यंत्र त्याच बाजूला असतं.

पायरी ७: पहिला दिवस

गावातून लांब बोगद्यात शिरायचं, भूमिगत फ्युनिक्युलरमध्ये बसायचं, आणि पाच मिनिटांच्या आत २,२८८ मीटरवर सुनेगाला बाहेर पडायचं. समोर मॅटरहॉर्न. इथं सगळेच थांबतात. तुम्हीही थांबा, पण दाराच्या बाजूला होऊन. मग खाली लाइझे तळ्याकाठच्या शिकाऊ उतारावर जायचं. त्यासाठी एक छोटी लिफ्ट आहे.

इथं अर्धी गर्दी बालवाडीतली असते. गळ्यापेक्षा मोठी हेल्मेटं घातलेली पोरं काठ्यांशिवाय सरसर उतरतात आणि तुम्ही दोन्ही हातांनी हवा धरून उभे असता. लाज पहिल्या अर्ध्या तासात संपते. माझ्या शेजारी पडलेल्या एका चिमुरडीनं स्वतः उठून, माझी निसटलेली काठी आणून दिली आणि काही न बोलता निघून गेली.

शिक्षक घ्याच. मित्र शिकवतो म्हणाला तरी घ्या, मैत्री टिकेल. पहिल्या दिवसासाठी गटातला वर्ग पुरतो. आठवड्याचे वर्ग बऱ्याचदा आठवड्याच्या सुरुवातीला भरतात, म्हणून नावनोंदणी आधी करा आणि इंग्रजी गट मागून घ्या.

वर्गात पहिली गोष्ट शिकवतात ती थांबण्याची. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, म्हणजे पायाखाली त्रिकोण होतो. मुलांना याला 'पिझ्झा' म्हणून शिकवतात आणि मोठ्यांनाही तोच शब्द लक्षात राहतो. त्रिकोण मोठा केला की वेग कमी. हे जमेपर्यंत दुसरं काही शिकायची घाई करू नका.

आपल्या ट्रेकरांना इथं एक जास्तीची अडचण येते. सह्याद्रीत घसाऱ्यावरून उतरताना आपण मागे रेलतो, वेळ पडली तर बसतो. ती सवय हाडात मुरलेली असते. स्कीवर मागे रेललं की स्कीचा पुढचा भाग हलका होतो, ती वळत नाही आणि वेग वाढतच जातो. भीती वाटली की पुढे, नडगी बुटावर दाबून, उताराच्या दिशेनं झुकायचं. शरीर ओरडून नको म्हणतं. राजगडाची गुंजवणे दरवाज्याची वाट डोळे मिटून उतरणारा माझा एक मित्र दोन दिवस याच एका गोष्टीवर अडला होता.

पडताना बाजूला पडा, डोंगराच्या अंगाला. उठताना आधी दोन्ही स्की उताराला आडव्या करा, शरीराच्या खालच्या बाजूला आणा, मग हातानं रेटा. स्की उताराच्या दिशेनं तोंड करून असतील तर उठताक्षणी पुन्हा निघाल.

वर जायला इथं सरकता पट्टा असतो, विमानतळावर असतो तसा. त्यावर चढताना स्की सरळ, गुडघे किंचित सैल, आणि बाकी काहीच करायचं नाही. लोक काहीतरी करायला जातात आणि पडतात. पुढे कुठं टी आकाराच्या दांड्याची लिफ्ट लागली तर त्यावर बसायचं नसतं. दांडा पार्श्वभागाखाली ओढत नेतो, तुम्ही उभेच. बसलात की आपटलात.

दोन वाजले की थांबा. पाय थकल्यावरच्या 'अजून एकदाच' मध्ये सर्वांत जास्त लोक पडतात. खाली गावात फ्युनिक्युलरनंच या. गावापर्यंत उतरणारे उतार संध्याकाळी अरुंद, टणक आणि गर्दीचे असतात, पहिल्या आठवड्यात त्यांच्या वाटेला जाऊ नका.

पायरी ८: रंग आणि नियम

स्वित्झर्लंडमध्ये निळा उतार सोपा, लाल मधला, काळा अवघड. पिवळा रंग दिसला तर तो सोपा समजू नका. पिवळ्या वाटांवर बर्फ सपाट केलेला नसतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आत्मविश्वास आला की रिफेलबर्गच्या बाजूचे निळे उतार बघा, रुंद आणि मोकळे आहेत. तिथं गॉर्नरग्राटची गाडीच वर नेते, त्यामुळे खुर्चीच्या लिफ्टची धास्ती नाही.

रस्त्यावर मागून येणारा हॉर्न वाजवतो आणि पुढच्यानं बाजू द्यायची. बर्फावर बरोब्बर उलटं: पुढच्याचा हक्क आधी, सांभाळायचं मागच्यानं. दम खायला थांबायचं तर उताराच्या कडेला थांबा, उंचवट्याच्या आड कधीच नको. पुन्हा निघताना वर बघा.

खांबांच्या रेषेबाहेर जायचं नाही, ही गोष्ट मात्र मजेची नाही. वरच्या भागात थिओडुल हिमनदी आहे. तिच्यात भेगा आहेत आणि भेगांवर बर्फाचं पातळ झाकण असतं. खांबांच्या आत तपासलेलं असतं, बाहेर नसतं. बाहेर कुणाच्या स्कीच्या खुणा दिसतात म्हणजे वाट सुरक्षित आहे असं नाही. हिमस्खलनाचा धोका एक ते पाच अंकांत रोज जाहीर होतो, दावोसची संस्था हिवाळ्यात संध्याकाळी पाच आणि सकाळी आठला तो प्रसिद्ध करते.

कुणी पडून उठलं नाही तर त्याच्या वरच्या बाजूला दोन स्की फुलीसारख्या रोवा, म्हणजे मागून येणारे वळतील. फोन १४४. जवळच्या खांबावर उताराचा क्रमांक असतो, तो सांगा. एअर झरमॅटची हेलिकॉप्टरं १९६८ पासून या डोंगरांत काम करताहेत, मदत लवकर येते.

पायरी ९: मग वर जा

आता ते ३,८८३ मीटरचं टोक. झरमॅटहून केबल कार बदलत तिथं पाऊण तासात पोचता येतं, आणि अडचण नेमकी हीच आहे. एवढ्या उंचीवर चालत जायचं तर शरीराला दोन-तीन दिवस मिळाले असते. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण पाचात तीन हिस्से उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच. दोन मजले जिने चढलात की धाप लागेल, काहींचं डोकं ठणकेल. मी पहिल्या दिवशी आदल्या रात्रीच्या विमानप्रवासाची अर्धवट झोप घेऊन वर गेलो, उत्साहात पळत मनोऱ्यावर चढलो, आणि मग बाकावर बसून मॅटरहॉर्नकडे नुसता बघत राहिलो.

दोन-तीन रात्री गावात काढून जा. सकाळी पाणी भरपूर, आदल्या रात्री दारू नको, वर पावलं मोजून टाका. तासाभरात बर्फाची गुहा आणि मनोरा होतो, तेवढं पुरे. मळमळ किंवा डोकेदुखी वाढायला लागली तर गोळी शोधत बसू नका, पुढच्याच डब्यानं खाली या. उतरणं हेच औषध. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल, किंवा बरोबर तान्हं बाळ असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

तिथूनच इटलीतल्या चेर्विनियाला जाता येतं. २०२३ मध्ये सुरू झालेल्या केबल कारमुळे आता स्की न करताही सीमा ओलांडता येते. पासपोर्ट बरोबर ठेवा, आणि परतीची शेवटची लिफ्ट किती वाजता हे खिडकीवर विचारूनच उतरा. वारा सुटला की वरच्या लिफ्ट बंद होतात. इटलीत अडकलात तर टॅक्सीनं डोंगराला वळसा घालून यायला काही तास लागतात आणि मीटरकडे बघवत नाही.

काका-काकूंना मी या टोकाला नेलंच नाही. गॉर्नरग्राटला नेलं. १८९८ सालापासूनची विजेवरची दात्यांची रेल्वे, ३३ मिनिटांत ३,०८९ मीटर. चढताना उजवीकडची खिडकी धरा, मॅटरहॉर्न तिकडे आहे. वर समोर गॉर्नर हिमनदी आणि माँटे रोझाचा डोंगर, त्याचं सर्वांत उंच टोक ४,६३४ मीटर. काकूंनी पर्समधून तिळगुळाची पुडी काढली, संक्रांत दोनच दिवसांपूर्वी झाली होती. लाडू इतके कडक झाले होते की काकांनी एक जॅकेटच्या आत धरून पाच मिनिटं ऊब दिली, तेव्हा कुठं दात लागला.

पायरी १०: पोटाचं

डोंगरावरच्या रेस्टॉरंटात जेवण महाग आहे, सूपसुद्धा. शाकाहारी असाल तर र्‍योस्टी म्हणजे किसलेल्या बटाट्याचा खरपूस थर मागा, पण बेकन नाही ना हे विचारा. बार्लीच्या सूपात बऱ्याचदा मांसाचे तुकडे असतात. चीज फाँड्यूत पांढरी वाइन असते, चालत नसेल तर राक्लेट घ्या: वितळलेलं चीज, उकडलेले बटाटे, लोणच्याच्या काकड्या. 'ओने फ्लाइश' म्हणजे मांसाशिवाय, एवढं जर्मन पुरतं.

स्टेशनासमोर सुपरमार्केट आहे. पाव, चीज, फळं तिथून घ्या आणि दुपारचं बरोबर न्या. नळाचं पाणी पितात, बाटली विकत घेऊ नका. खिशात चिक्की ठेवा, पण आतल्या खिशात. बाहेरच्या खिशातली लोणावळ्याची चिक्की दुपारपर्यंत दगड होते. स्वयंपाकघर असलेली खोली मिळाली तर मेतकूट, तूप आणि तांदूळ घेऊन जा. दिवसभर बर्फात लोळून आल्यावर गरम मेतकूट भातापुढे फाँड्यूचं काही चालत नाही, हे माझ्या चीजवेड्या मुलीचं मत आहे.

हवा बिघडली तर

ढग उतरले की आभाळ आणि उतार एकाच पांढऱ्या रंगाचे होतात, पायाखालचा खड्डा दिसत नाही. अशा दिवशी नवख्यानं वर जाऊ नये. गावात मॅटरहॉर्नचं संग्रहालय आहे. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिंपर आणि सहा जण पहिल्यांदा त्या ४,४७८ मीटरच्या शिखरावर पोचले. उतरताना दोर तुटला आणि चौघे कोसळले. तो तुटलेला दोर तिथं काचेत ठेवलाय. बोटाएवढाच जाड आहे. आमच्या ट्रेकवाल्या मित्राला तिथून हलवायला अर्धा तास लागला.

निघायच्या आदल्या संध्याकाळीच स्की आणि बूट परत करा, सकाळी दुकानापुढे रांग असते. हॉटेलची गाडी रात्रीच सांगून ठेवा. आणि बुटांतून पाय काढल्यावर दोन दिवस जिना उतरताना कठड्याला धरा. पुण्याला परतल्यावर आमच्या सोसायटीत लिफ्ट बंद होती.